दर तारखेला हजर

"हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग," असं तुरुंगाच्या आत कुणीतरी मोठ्याने म्हणत होतं, आणि आम्ही फाटकाशी मोबाइल जमा करायला रांगेत उभे होतो. आमच्या पाठीमागे पाच आमदार होते. त्यातल्या एकाने मला विचारलं, "मॅडम, आत लग्न आहे का?"

लग्न नव्हतं, पण लग्नातलाच साउंड सर्व्हिसवाला होता. पलूसहून आला होता. बारशाला, वरातीला लावतो तेच स्पीकरचे दोन काळे बॉक्स त्याने आणले होते. तुरुंगाचे अधीक्षक पुढे आले, कडक सॅल्यूट ठोकला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "समितीला शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज गेला पाहिजे. आमच्या सिस्टिमचा आवाज तसा चालू नसतोच, म्हणून खास व्यवस्था केली." मी मान हलवली आणि वहीत 'व्यवस्था चांगली' असं लिहिलं. त्यांच्या वाक्याचा मधला भाग मी तेव्हा नीट ऐकलाच नाही.

मी विधानमंडळ सचिवालयात अवर सचिव होते. आता निवृत्त होऊन साताऱ्यात राहते. माझं काम नेमकं काय होतं, हे माझ्या जावेला अजून समजलेलं नाही. तिला वाटतं, मी आमदारांना फाइली नेऊन देत होते. थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

सभागृहात कुणी प्रश्न विचारला की मंत्री उत्तर देतात. देता देता बोलून जातात, 'चौकशी करू', 'लवकरच अंमलबजावणी करू'. बाकीचे ते ऐकून विसरतात. आमच्याकडे अशी वाक्यं वेचून बाजूला काढणारी माणसं असतात. त्या वाक्याला आश्वासन म्हणतात. मंत्र्यांनी दिलेला शब्द खात्याने पाळला का, हे विचारायला सगळ्या पक्षांच्या आमदारांची एक समिती असते. ती खात्याच्या सचिवांना समोर बसवून उत्तरं घेते. याला आम्ही साक्ष म्हणतो. कोर्टातल्यासारखा पिंजरा नसतो, पण चांगल्या चांगल्यांना घाम फुटलेला मी पाहिलेला आहे. गरज पडली तर समिती दौऱ्यावर जाऊन स्वतः बघते. प्रश्नावली करणं, दौरा आखणं, अहवाल लिहिणं, हे माझं काम. समितीत काय चाललं ते अहवाल सभागृहात मांडेपर्यंत बाहेर बोलायचं नसतं. हा अहवाल मांडून झालाय, म्हणून सांगते आहे. कोणत्या तुरुंगात हे घडलं ते मात्र सांगत नाही. सातारा आणि सांगली असा दौरा होता, एवढं पुरे. ज्या कैद्याबद्दल सांगणार आहे, त्याचं नावही बदललं आहे.

आश्वासन कच्च्या कैद्यांबद्दल होतं. कच्चा कैदी म्हणजे ज्याच्या केसचा निकाल लागलेला नाही. त्याने गुन्हा केला की नाही हे अजून ठरायचं असतं, पण जामीन नाही म्हणून तो आत असतो. नव्या कायद्यात एक चांगली तरतूद आली. माणूस पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडला असेल, आणि त्या गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा आहे तिच्या एक तृतीयांश काळ तो आत राहिला असेल, तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे तारखेला येईन असं लिहून घेऊन, सोडायचं. गंभीर गुन्हे सोडून. आणि त्यासाठी कोर्टात अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकांनी स्वतः करायचा. एका विरोधी सदस्याने सभागृहात विचारलं, याची अंमलबजावणी होते का? मंत्री म्हणाले, "पात्र असलेला एकही कच्चा कैदी तुरुंगात राहणार नाही."

खात्याने आम्हाला लेखी उत्तर पाठवलं. या दोन जिल्ह्यांपुढे लिहिलं होतं, सुटकेअभावी आत असलेले पात्र कैदी: निरंक. म्हणजे एकही नाही. खाली एक ओळ होती, की प्रत्येक कच्च्या कैद्याला दर तारखेला व्हीसीद्वारे न्यायालयापुढे हजर करण्यात येते.

आमच्या समितीचे प्रमुख सोलापूरकडचे जुने आमदार होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मधुमेहाने बेजार, बैठकीत डोळे मिटून बसायचे. नवीन सचिवांना वाटायचं, म्हातारा झोपला. उत्तर वाचून अण्णा म्हणाले, "बाई, माझ्या गावात रेशनकार्डाचं काम निरंक होत नाही आणि यांचा तुरुंग निरंक कसा? जाऊन बघू."

व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग. पूर्वी कैद्याला तारखेला गाडीत घालून कोर्टात न्यायचे. सोबत पोलीस लागतात, त्यांना कैदी पार्टी म्हणतात. गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा असं काही असलं की पोलीस बंदोबस्ताला जातात, कैदी पार्टी मिळत नाही आणि कैद्याची तारीख बुडते. म्हणून तुरुंगात एका खोलीत कॅमेरा आणि टीव्ही बसवला, दुसरा कोर्टात बसवला. कैदी जागेवरून कोर्टाला दिसतो. योजना वाईट नव्हती. मी स्वतः आधीच्या एका अहवालात तिचं कौतुक केलं होतं.

अधीक्षकांनी आमच्यासाठी व्हीसीचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. खरीखुरी तारीख, खरं कोर्ट. त्यामुळे मी आमदारांना आधीच बजावलं होतं. कोर्टाचं काम चालू असताना विधिमंडळाच्या माणसाने त्यात तोंड घालायचं नसतं. भिंतीच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही असं बसायचं आणि बोलायचं नाही. सगळ्यांनी समजूतदार माना हलवल्या. गृह खात्याचे सहसचिव मुंबईहून आमच्यासोबत आले होते. ते माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "हे आमचं मॉडेल जेल आहे."

खोलीला नवा रंग दिलेला होता. त्याचा वास डोक्यात जात होता. अधीक्षक म्हणाले, "एक चांगला बंदी निवडलाय सर. एकदम शांत. आल्यापासून एक तक्रार नाही."

तक्रार न करणारा कैदी दाखवायला काढणं हा दौऱ्यातला जुना रिवाज आहे. शाळेत हुशार मुलगा पुढच्या बाकावर बसवतात तसं. मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

धुळा आत आला. उंच, वाळलेला, पिकत चाललेल्या मिशीचा मेंढपाळ माणूस. समितीसाठी त्याचे केस नुकतेच कापले होते आणि कुणाचा तरी इस्त्रीचा शर्ट त्याला घातला होता. जमिनीवर पिवळ्या पट्टीची खूण होती, तिच्यावर तो न सांगता जाऊन उभा राहिला. टीव्हीकडे बघितलं. उजवा हात वर केला, खाली घेतला आणि दाराकडे वळला. हे सगळं त्याने इतक्या सवयीने केलं की आम्हाला वाटलं अजून सुरूच झालेलं नाही.

तेवढ्यात लग्नाच्या बॉक्समधून एका बाईंचा खणखणीत आवाज आला. "आरोपी हजर. आरोपीतर्फे कुणी नाही. पुढची तारीख द्या."

धुळा जागीच थांबला. त्याने एका बॉक्सकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, मग टीव्हीकडे. शिपायाला विचारलं, "ह्यातनं बोलत्यात व्हय?"

"चल, चल," शिपाई म्हणाला.

"न्हाई, आजपातूर कवा बोलल्या न्हाईत."

अण्णांनी डोळे उघडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय म्हणाला तो?" मी हाताने खूण करून त्यांना गप्प केलं. पण साउंडवाल्याने माईकही चालू ठेवला होता. आमच्या खोलीतलं सगळं तिकडे कोर्टात ऐकू जात होतं. टीव्हीवर न्यायाधीश मॅडमनी मान वर केली. वयाने तरुण होत्या. समोर फाइलींचा ढीग होता.

"कोण बोलतंय? आरोपी बोलतोय का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नवल होतं. बाजूला क्लार्क बसला होता. त्याला त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यांचा आवाज येतो? मग नेहमी बंद का असतो?" क्लार्कही हळूच म्हणाला, "मॅडम, घुमतो." ते दोघं हळू बोलले, पण बॉक्समुळे भिंती हादरल्या.

धुळाने टीव्हीला हात जोडले. "बाईसायब, तुमी कोण?"

"मी न्यायाधीश. तुमची केस माझ्यापुढे आहे."

"माझी केस झाली की."

"नाही. अजून सुरू व्हायची आहे. तुमच्यावर दोषारोपसुद्धा ठेवलेला नाही."

दोषारोप म्हणजे काय, हे धुळाला कळलं नसणार. आरोपीला 'तुझ्यावर हा आरोप आहे, कबूल आहे का' असं कोर्ट विचारतं, तिथून खटला सुरू होतो. पण 'सुरू व्हायची आहे' एवढं त्याला कळलं.

"मग मला सजा कुणी दिली?"

न्यायाधीश मॅडमनी समोरची फाइल उघडली.

"मला सजा झालीया न्हवं?" त्याने आता आमच्याकडे वळून विचारलं. "किती वर्साची, तेवढंच कुणी सांगंना. म्हटलं, संपली की सोडतील."

मी नोकरीत बरंच काही बघितलं. सचिव खोटं बोलताना पकडले, मंत्री रडताना बघितले. पण त्या खोलीत मला लाज वाटली. आपण इस्त्रीची साडी नेसून, भिंतीच्या कडेला खुर्ची घेऊन हे बघायला आलो आहोत, याची लाज. सहसचिव पेनचं टोपण काढत होते आणि लावत होते. मघाशी लग्नाचं विचारणारे आमदार मान खाली घालून बसले होते. साउंडवाला धावत बॉक्सकडे गेला, बहुतेक आवाज बंद करायला. अण्णांनी त्याला हाताने थांबवलं.

"तुम्हाला वकील आहे का?" न्यायाधीश मॅडमनी विचारलं.

"पयल्या दिशी एक काळ्या कोटातलं हुतं. त्ये पुन्ना दिसलं न्हाईत."

मॅडमनी फाइल मिटली. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे नाही, समोर बघून आदेश दिला. "आरोपीला आज दुपारी प्रत्यक्ष माझ्यापुढे आणा. कैदी पार्टी नाही, हे कारण चालणार नाही. विधी सेवा प्राधिकरणाला वकील द्यायला कळवा." ज्यांना वकील परवडत नाही त्यांना हे प्राधिकरण फुकट वकील देतं. ते दोन्ही जिल्ह्यांत आहे. त्याच्या पाट्याही तुरुंगात लावलेल्या होत्या, वाचता येणाऱ्यांसाठी.

पुढचा तास आम्ही अधीक्षकांच्या खोलीत होतो. टेबलावर काजू आणि सफरचंदाच्या फोडी होत्या. कुणी हात लावला नाही.

"आवाज का बंद असतो?" अण्णांनी विचारलं.

"सर, दोन्हीकडे चालू ठेवला की घुमतो. शिवाय रांगेतले बंदी बोलतात, कोर्टाला डिस्टर्ब होतं. म्हणून म्यूट. कोर्टाला फक्त माणूस हजर आहे का ते बघायचं असतं. त्याने हात वर केला की झालं."

"कधीपासून म्यूट?"

"बसवलं तेव्हापासून, सर. सगळीकडे हीच प्रॅक्टिस आहे."

अधीक्षक दुष्ट नव्हते. तुरुंग स्वच्छ होता, जेवण बरं होतं, कैद्यांना मारहाण नव्हती. हे मी त्यांच्या बाजूने अहवालातही लिहिलं. त्यांना खरंच वाटत होतं की ते नीट काम करताहेत. त्यानेच मला जास्त धक्का बसला.

"बरं," अण्णा म्हणाले, "याच्यावर आरोप काय?"

"चोरी, सर. नदीवरच्या मोटरीची केबल."

"शिक्षा?"

"जास्तीत जास्त तीन वर्षं."

"आणि हा आत कधीपासून?"

"दुसरं वर्ष चालू आहे."

"आधीचा गुन्हा?"

"नाही, सर."

हिशेब कुणालाही तोंडी करता आला असता. खोलीत तो सगळ्यांनी केला. अण्णा म्हणाले, "मग हा पात्र होता."

"कालावधी बघितला तर दिसतो पात्र," अधीक्षक म्हणाले. "पण सर, त्याचा अर्ज नाही."

"अर्ज कुणी करायचा असतो?"

अधीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "कायद्याप्रमाणे अधीक्षकांनी."

"मग निरंक कसं लिहिलं?"

यावर अधीक्षकांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं टिपून घेतलं. "आम्ही दर आठवड्याला बराकीत विचारतो, सर. सगळ्यांना ओळीत उभं करून. कुणाला काही अडचण आहे का, कुणाला अर्ज करायचाय का. जे पुढे आले त्यांचे अर्ज मीच पाठवले. ते सगळे सुटले. एकही शिल्लक नाही."

म्हणजे पात्र कोण, तर जो पुढे आला तो. जो आला नाही तो पात्र नाही. आणि आपण शिक्षा भोगतोय असं ज्याला वाटतं तो कशाला पुढे येईल? शांत, तक्रार नसलेला, चांगला बंदी.

त्या खोलीत सहसचिव पहिल्यांदाच बोलले. "तांत्रिकदृष्ट्या उत्तर चुकीचं म्हणता येणार नाही."

"नाही ना म्हणता येत," अण्णा म्हणाले. "खोटं असतं तर बरं झालं असतं. कुणाला तरी धरता आलं असतं."

दुपारी धुळाला कोर्टात न्यायच्या आधी समितीने त्याच्याशी बोलायचं ठरवलं. कैद्यांचं म्हणणं ऐकायचा समितीला अधिकार असतो. खुर्ची दिली तर तो बसला नाही. भिंतीला टेकून उकिडवा बसला. वडूजच्या पलीकडच्या माळावरचं त्याचं गाव. पावसाळा सरला की ही माणसं मेंढरं घेऊन नदीकाठच्या ऊसपट्ट्यात उतरतात. शेतकरी त्यांना रानात बसवून घेतात, मेंढरांच्या लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. असाच त्याचा तळ पडलेला असताना जवळच्या मोटरीची केबल गेली. परका माणूस तोच होता.

"केबल तू घेतली होतीस का?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा," मी मध्येच म्हणाले, "हा प्रश्न आपला नाही. तो कोर्टाचा."

"खरंय," अण्णा म्हणाले, आणि धुळाला म्हणाले, "राहू दे. उत्तर देऊ नकोस. तुला शिक्षा झाली असं कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे, आण्णा? पोलिसांनी धरलं, कोर्टात उभं केलं. सायब कायतरी बोललं, लिवलं. मग हितं आणून दार लावलं. सजा न्हाई तर काय ह्ये?"

"आणि दर वेळी टीव्हीसमोर कशाला उभं करायचे?"

"हजेरी. मानूस पळाला न्हाई न्हवं, त्ये बघाया."

आमच्यातल्या एका आमदारांनी तोंडावरून हात फिरवला. मी विचारलं, "बराकीत कुणी सांगितलं नाही, की तुमची केस अजून चालायची आहे?"

"पोरं म्हणायची, उद्या तुजी तारीख. मला वाटायचं, हजेरीची. म्या लय बोलत न्हाई कुणासंगं."

"घरचे भेटायला येत नाहीत?"

"बायकू आलती एकदा. आन भाव. त्यास्नी म्याच सांगितलं, सजा झालीया, मेंढरं घिऊन जावा, हितं हेलपाटं मारू नगा. लांब पडतंय त्यास्नी." हे सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता. घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून शहाणपणाची गोष्ट केली, असं त्याला अजूनही वाटत होतं. तो गेल्यावर अण्णांनी पाणी मागितलं, आणि ग्लास हातात धरून तसेच बसून राहिले.

कोर्टात आम्ही जाऊ शकत नव्हतो. संध्याकाळी अधीक्षकांचा फोन आला. अर्ज त्यांनी स्वतः केला होता, फुकटच्या वकिलांनी बाजू मांडली आणि मॅडमनी धुळाला वैयक्तिक बंधपत्रावर सोडायचा आदेश दिला. तुरुंगात संध्याकाळी बराकी बंद झाल्यावर कुणाला सोडत नाहीत. सकाळी सुटका. दुसऱ्या दिवशी साताऱ्यात आमची कलेक्टर ऑफिसला बैठक होती. अण्णा म्हणाले, "कळवा, उशीर होईल."

अहवालाचं आधी सांगून टाकते, कारण ते सोपं आहे. मुंबईत गृह खात्याच्या सचिवांची साक्ष झाली. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. आम्ही शिफारशी केल्या. व्हीसीचा आवाज दोन्हीकडून चालू ठेवावा. पात्र कैदी अर्जावरून मोजू नयेत, तुरुंगातल्या प्रत्येकाचा काळ मोजावा. प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगावं की तो कच्चा आहे की पक्का, म्हणजे शिक्षा झालेला. खात्याने राज्यभर पुन्हा मोजायला लावलं. आकडा मी इथे लिहीत नाही. निरंक नव्हता. शिफारशी स्वीकारल्या गेल्या, साउंड सिस्टिमचं टेंडर निघालं. एवढ्यावर समितीचं काम यशस्वी झालं असं म्हणतात, आणि तसं ते झालंही.

आता सकाळचं. धुळा फाटकातून बाहेर आला. हातात कापडी पिशवी. आम्हाला बघून हात जोडले आणि भिंतीला लागून उभा राहिला. मी म्हणाले, "जा आता. स्टँड जवळच आहे." तो हलला नाही.

"म्या एकला घरी गेलो तर लोक म्हणतील, पळून आला. सजा झालेला मानूस आसा मधीच कसा यील? पोलिसपाटील परत धरून देईल."

मी त्याला सांगितलं की कोर्टाचा आदेश आहे. त्याने ऐकून घेतलं आणि तिथेच उभा राहिला. मग अण्णांनी त्याच्या भावाचा नंबर मागितला. नंबर धुळाला पाठ होता. माझ्या मोबाइलवरून अण्णांनी फोन लावला. "मी आमदार बोलतोय. तुझ्या भावाला सोडलंय, न्यायला ये."

पलीकडून भाऊ म्हणाला, "आमदार काय? बरं, बरं. आता ओटीपी मागशीला," आणि फोन ठेवला.

एरवी आम्ही सगळे हसलो असतो. शेवटी धुळाच बोलला, आणि भाऊ निघाला. अण्णा म्हणाले, तो येईपर्यंत थांबू. अधीक्षकांनी बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या आणून ठेवल्या. सहसचिव दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होते. ऊन चांगलं वर आलं तेव्हा भाऊ मोटरसायकलवरून आला. डोक्याला मुंडासं, अंगभर धूळ. त्याने आधी भावाकडे बघितलंच नाही. अधीक्षकांच्या युनिफॉर्मकडे बघून हात जोडले. "सायब, आमी काय ह्येला बोलावलं न्हवतं. फोन आला म्हणून आलो."

अधीक्षक पुढे झाले. ते माणूस म्हणून मला तिथे आवडले. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "तो पळून आलेला नाही. कोर्टानं सोडलाय. त्याला शिक्षा झालेलीच नव्हती."

"झालीच न्हवती?"

"नाही. केस अजून उभीच राहिलेली नाही. चालेल आता."

भावाने मुंडासं सोडून तोंड पुसलं. मग पहिल्यांदा धुळाकडे बघितलं. "आई गेली रं," तो म्हणाला.

"कवा?"

"पावसाळ्याच्या तोंडाला. तुला कळवलं न्हाई. म्हटलं, सजंतल्या मानसाला मातीला सोडत्यात व्हय? कळवून नुसता जीव जळंल." मग तो अधीक्षकांकडे वळला. "कळवलं आसतं तर सोडलं आसतं का, सायब?"

कच्च्या कैद्याला आईच्या अंत्यविधीला जाऊ देण्यासाठी कोर्टाकडे अर्ज करता येतो. वकिलाने केला असता तर बहुतेक मिळालीही असती परवानगी. अधीक्षकांना हे माहीत होतं, मला माहीत होतं, सहसचिवांना माहीत होतं.

"सोडलं असतं," अधीक्षक म्हणाले.

धुळा जाऊन मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसला, पिशवी मांडीवर घेतली आणि भावाला म्हणाला, "चल." भाऊ आणखी काही विचारणार होता. त्याने किक मारली. ते गेल्यावर आम्ही रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे राहिलो. मला तिथे रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

साताऱ्याच्या वाटेवर अण्णा डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, "बाई, हे आईचं अहवालात येईल का?"

"नाही," मी म्हणाले. "आश्वासनाच्या कक्षेत बसत नाही."

धुळाची केस अजून चालू आहे. केबल त्याने घेतली होती की नाही, मला माहीत नाही. आमच्या जागी आलेल्या नव्या अधिकाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगते. काय केलं ते खात्याला विचारा, आणि ज्याच्यासाठी केलं त्याला काय कळलं ते त्याला विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत, तर दौरा एक दिवस वाढवा. भत्ता मंजूर होतो.